गोड्या पाण्यातली मासेमारी: मस्कत ते सलाला

नदीकाठी जन्मलेल्या माणसाच्या रक्तातच मासेमारी असते. हे विधान मी गेली सोळा वर्षं सासरी करत आलो आहे. (माझ्या रक्तात प्रत्यक्षात काय आहे, याचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी मस्कतमधल्या कुरुमच्या एका लॅबमधून येतो. त्यात साखर असते, कोलेस्टेरॉल असतं. मासेमारीचा उल्लेख अजून आलेला नाही.)

जन्म माझा सांगलीचा, कृष्णाकाठचा. एवढं खरं. लहानपणी मामाबरोबर एकदा, अगदी एकदाच, गळ टाकायला गेलो होतो आणि तिथे माझ्याकडे मामाच्या चपला सांभाळायचं काम होतं. त्यातली एक वाहून गेली. पण पुढे लग्न मालवणच्या मुलीशी झालं आणि पाण्याशी माझं काहीतरी जुनं नातं असणं गरजेचं होऊन बसलं.

कारण माझे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. मालवणला त्यांची स्वतःची होडी होती आणि त्यांच्या घरात एक नियम आहे, जो कुठे लिहिलेला नाही पण कोणी मोडतही नाही. माशाचं डोकं ज्याच्या ताटात जातं तो माणूस घरात मोजला जातो. डोकं खाणं म्हणजे गंमत नाही. गालाचं मांस कुठून सोडवायचं, कुठलं हाड चोखायचं, कुठलं नुसतं मान देऊन बाजूला ठेवायचं, हे ठाऊक असावं लागतं. माझी धाकटी मेव्हणी वेंगुर्ल्याला दिली. तिच्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत डोकं मिळालं. मला सोळा वर्षांत एकदाही नाही!

"घाटावरच्या माणसाक काटे काढूक जमणा नाय," आबा प्रेमाने म्हणतात आणि डोकं दुसरीकडे वळवतात.

यंदा आबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे मस्कतला, दार्सैतला आले. रोज सकाळी मी मत्राच्या बाजारातून मासे आणायचे आणि आबांनी कल्ले उचलून बघायचे, असा क्रम सुरू झाला. मी ऑफिसात लोकांचे हिशेब तपासतो, पण मी तपासताना त्या लोकांना काय वाटत असेल ते त्या दोन महिन्यांत कळलं.

"जावयबापू, खयसून आणलास ह्यो बांगडो?"

"मत्राहून, आबा. ताजा आहे. विकणारा शपथ घेत होता."

"शपथ ताजी असात. बांगडो शिळो आसा."

एका शुक्रवारी हे जरा जास्तच झालं. वैशाली, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात तोंडाला पदर नसताना पदर लावल्यासारखी हसत होती. तेरा वर्षांची आमची इरा मोबाइलवर हसत होती, पण मला वाटलं मलाच हसते आहे. आणि मी बोलून गेलो, "आबा, समुद्रातला मासा काय, कोणीही पकडेल. समुद्रात मासे असतातच! खरं कसब लागतं ते गोड्या पाण्यात. आम्ही कृष्णाकाठची माणसं. मी स्वतः पकडून तुम्हाला नदीचा मासा खाऊ घालीन!"

आबांनी बांगडा खाली ठेवला.

"ह्या देशात नदी खय आसा?"

ही अडचण मला आधी सुचायला हवी होती. ओमानमध्ये बारमाही नदी नाही. मी अठरा वर्षं इथे राहतो, हे मला ठाऊक आहे. पण तोंडातून गेलेलं वाक्य आणि मामाची चप्पल, दोन्ही परत येत नाहीत.

"सलालाला," मी म्हणालो. "खरीफ चालू आहे, तिथला पावसाळा. डोंगर हिरवे झालेत, वाद्यांना पाणी आहे."

वादी म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. बाराही महिने त्यात दगड असतात आणि दक्षिणेत या दिवसांत पाणी.

"पकडून दाखवा," आबा म्हणाले. "मासो गावलो तर त्याचा डोक्या तुमचा. माझ्या हातान वाढीन!"

झालं! सोळा वर्षांचा प्रश्न एका वादीवर येऊन ठेपला.

दुसऱ्या दिवशी मी रुवीतून घडीची गळाची काठी आणली. तिच्याबरोबर चिनी भाषेत एक पुस्तिका होती आणि चित्रात एक माणूस स्वतःपेक्षा मोठा मासा उचलून उभा होता. आमिषासाठी वैशालीला कणीक मळायला सांगितली, हळद आणि भरपूर हिंग घालून.

"मासा हिंग खातो?" तिने विचारलं.

"सांगलीचा खातो."

"आणि इथला?"

"वैशाली, मासा हा मासा असतो!"

"अहो, मग बांगड्याच्या वेळी हे का नाही सुचत?" ती म्हणाली. (वडील समोर असले की मी 'अहो' असतो. एरवी नुसता 'अरे'.)

मस्कत ते सलाला हजार किलोमीटर. पहाटे निघालो. निझवा गेलं, आदम गेलं आणि मग वाळवंट सुरू झालं ते सुरूच राहिलं. ताटासारखी सपाट जमीन, सरळ रस्ता आणि क्षितिजावर एक उंट, जो तासाभराने जवळ आल्यावर पाण्याची टाकी निघाला. मी मात्र आनंदात होतो. इतका उत्साह मला लग्नाच्या दिवशीही नव्हता! स्टिअरिंगवर ताल धरून मी आबांना गळ टाकण्याचं शास्त्र समजावत होतो, म्हणजे आदल्या दिवशी तीन व्हिडिओंत पाहिलेलं.

आबा खिडकीबाहेर बघत होते. दर अर्ध्या तासाने वाळूकडे बोट दाखवून अतिशय गंभीरपणे विचारत, "हयसर टाकतास काय गळ?"

वाटेत हैमा गावात कडक, दुधाळ करक चहासाठी थांबलो. चहावाला केरळचा. मागच्या सीटवरची काठी पाहून तो कळवळला.

"सर, रास्ता भूल गया? बीच तो दुक्म में है. यहाँ से लेफ्ट."

"समुद्र त्या बाजूक?" आबा ताडकन म्हणाले. "मगे आपण हकडे कित्याक जातंव?"

"बाबा, व्हॅलिड क्वेश्चन," इरा म्हणाली.

मी चहा अर्धाच टाकून गाडी सुरू केली.

पण थुमरैत नावाचं गाव मागे पडलं, घाट उतरायला लागलो आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. दहा मिनिटांपूर्वी गाडीबाहेर भट्टी होती आणि आता धुकं! भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर, रस्त्यात गाई. आबांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि तळहातावर पाऊस झेलला. शेवटी म्हणाले, "आंबोली!" मला वाटलं, सलाला मीच बांधलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादीवर पोचलो. पाणी होतं! खरं, वाहतं, हिरवंगार पाणी! काठावर एक पाटी होती. पोहू नका, गाडी पाण्यात घालू नका, कचरा टाकू नका. गळाबद्दल पाटी गप्प होती. तिथे कोणी गळ घेऊन येईल, ही कल्पनाच पाटीवाल्याला शिवली नसावी.

काठावर सतरंज्या टाकून बरीच कुटुंबं बसली होती. आमच्या मागेच एक मोठं ओमानी कुटुंब होतं. मधोमध पांढऱ्या दाढीचे एक आजोबा, अंगात स्वच्छ, पायघोळ दिशदाशा, डोक्यावर बारीक नक्षीची टोपी. हातात काठी, चेहऱ्यावर न्यायाधीशाचं गांभीर्य. मी त्यांना सलाम केला. त्यांनी माझ्या काठीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे आणि मान हलवली. मी ती शुभेच्छा समजलो.

आबा एका दगडावर बसले. पायजमा वर केला आणि पाय पाण्यात सोडले.

मी कणकेची गोळी गळाला लावली. एक पाय पुढे घेतला. व्हिडिओतल्या माणसाप्रमाणे काठी डोक्यावरून मागे नेली, कमरेतून वळलो आणि जोरात फेकली.

काय सुंदर फेक होती! दोरा हवेत कमान करून गेला. त्याच्या टोकाला काहीतरी पांढरं, नक्षीदार, गोल असं फिरत फिरत गेलं आणि पाण्याच्या मधोमध अलगद उतरलं.

"मासो उडालो?" आबांनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. आजोबांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

सतरंजीवरची सगळी माणसं त्या उघड्या डोक्याकडे बघत होती. बहुधा त्यांच्यातल्या अनेकांनी ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. आजोबा तसेच बसले होते, तसेच गंभीर.

"आय ॲम डाइंग," इरा म्हणाली आणि गाडीकडे निघून गेली.

मी दोरा गुंडाळायला लागलो तर टोपी गळातून सुटली आणि वाहू लागली. मग मी तसाच, पॅन्टसकट, पाण्यात शिरलो. गुडघाभर पाण्यात पोचलो आणि माझ्या पायांना कोणीतरी चावायला लागलं! एक नाही, शेकडो! मी असा काही ओरडलो की समोरच्या काठावरचा उंट उठून उभा राहिला.

"गप ऱ्हवा!" आबा दगडावरून म्हणाले. "मासे आसत! माझ्या पायाक कधीपासून लागतत. बरा वाटता."

मासे! बोटाएवढे, काळपट, हजारोंनी! म्हणजे गोड्या पाण्यातले मासे होते, भरपूर होते आणि ते गळाबिळाशिवाय आपण होऊन माझ्या सासऱ्यांकडे चालले होते. माझ्या हिंगाच्या कणकेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

टोपी एका दगडाला अडकली म्हणून सापडली. मी ओलाचिंब, दोन्ही हातांत ती टोपी पूजेच्या तबकासारखी धरून आजोबांसमोर उभा राहिलो. माफीचे जेवढे शब्द मला येत होते ते सगळे तीन भाषांत म्हणून टाकले. आजोबांनी टोपी घेतली, पिळली आणि डोक्यावर ठेवली. कपाळावरून पाणी ओघळलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"तुम मछली पकड़ने आया," ते म्हणाले, "टोपी पकड़ लिया!" आणि असे हसले की सतरंजीवरची बाळंही हसू लागली. त्यांचं नाव अबू सालिम. तरुणपणी गलबतावरून मुंबईला ये-जा होती म्हणून हिंदी येत होतं. त्यांनी मला समजावलं की हे मासे कोणी धरत नाही, पाणी साफ ठेवतात बिचारे आणि एवढ्याशाला खाणार काय? "यल्ला, बैठो. खाना खाओ."

नाही म्हणायची सोय नव्हती. ज्याची टोपी आपण पाण्यात घातली त्याच्या जेवणाला नकार कसा द्यायचा? इराला गाडीतून बोलावून आणलं आणि आम्ही चौघे सतरंजीवर बसलो. मध्ये भाताची एवढी मोठी परात आली की दोघांनी धरून आणली आणि भातावर आख्खा भाजलेला मासा.

"गोबरो!" आबा पुटपुटले. इथे त्याला हामूर म्हणतात. आबांनी वाकून पाहिलं आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "ताजो."

"ये मस्कत से आया," अबू सालिम म्हणाले. "खरीफ में समुंदर बहुत गुस्से में, नाव बंद. बरफ की गाड़ी में आया."

म्हणजे तो आमच्याच रस्त्याने, आमच्यासारखाच हजार किलोमीटर आला होता. फक्त त्याच्याकडे गळ नव्हता.

मग अबू सालिमनी हात पुढे केला, माशाचं डोकं मोडून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर ठेवलं.

"तुम मेहमान. तुम शिकारी. सर तुम्हारा!"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षं ज्या डोक्यासाठी मी तळमळलो, ते एका अनोळखी माणसाने, त्याची टोपी बुडवल्याबद्दल, मला देऊन टाकलं होतं! आणि आता ते आबांसमोर खायचं होतं. परीक्षेला बसायची इतकी वर्षं इच्छा होती, अभ्यास मात्र शून्य.

"गालापासून सुरवात करा," आबा ओठ न हलवता म्हणाले. "कल्ल्याच्या मागसून. हळू."

मी गालापासून सुरुवात केली. पहिला घास अप्रतिम! दुसराही! मला वाटलं, यात एवढं अवघड काय आहे? आणि या आनंदात मी तिसरा घास जरा मोठा घेतला.

काटा घशात आडवा बसला.

आता पेच असा की सगळे एकाच परातीतून जेवत होतो. समोर यजमान, त्यांचे मुलगे, नातवंडं. खाकरायचं तर परातीवर. उठायचं तर मान दिलेलं डोकं टाकून. मी तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

अबू सालिम भारावले. मुलाला म्हणाले, बघ, पाहुण्याला किती आवडलं! आणि त्यांनी दुसरा गाल सोडवून माझ्यापुढे ठेवला.

"बाबा, आर यू क्रायिंग?" इराने विचारलं.

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते माझं मलाही कळलं नाही.

आबांना मात्र कळलं. त्यांनी भाताचा एक घट्ट गोळा वळून माझ्या हातात दिला. "चावू नकात. गिळा."

गिळला. काटा हलला नाही. दुसरा गोळा, तिसरा, असे सात गोळे मी न चावता गिळले. अबू सालिमचे मुलगे माझी भूक पाहून आनंदले आणि माझ्या बाजूला आणखी भात लोटला.

सात गोळ्यांनंतर आबांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि शांतपणे मागे कलंडले.

"माका चक्कर येता."

"आबा!" वैशाली किंचाळली.

"गप गो," आबा डोळे मिटून पुटपुटले. "जावयाच्या घशात काटो आसा. यजमानाक कळता नये."

केवढा थोर डाव! फक्त त्यात एक गणित चुकलं. अबू सालिमच्या मुलांनी आबांना अलगद उचललं, आपल्या गाडीत घातलं आणि तीन लँडक्रूझर हॉर्न वाजवत, दिवे लावत निघाल्या. मी मागून आमच्या गाडीत, घशात काटा घेऊन, धुक्यात त्यांना गाठायचा प्रयत्न करत होतो.

"अरे, हळू चालव ना!" वैशाली म्हणाली. (वडील नव्हते.)

मी काहीच म्हणू शकत नव्हतो. लग्नानंतरचा हा आमचा सर्वांत शांत प्रवास.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आबा पलंगावर होते. दंडाला पट्टा, छातीला वायरी, भोवती अबू सालिमचे चार मुलगे. नर्सही केरळची, ती म्हणत होती, "अप्पच्चा, डोन्ट टॉक, रेस्ट." मी दारातून आत शिरायला लागलो तर तिने मला हाताने थोपवलं. "ओन्ली पेशंट. यू वेट आउटसाइड." मी घशाकडे बोट दाखवलं. तिने पाण्याचा कूलर दाखवला.

मग बाहेरच्या बाकावर मी पाऊण तास बसलो. शेजारी अबू सालिम बसले होते आणि माझा हात हातात घेऊन धीर देत होते. "इन्शाल्ला, ठीक होगा. बहुत रोना नहीं."

शेवटी आतून आबांचा आवाज आला, होडीतून होडीला हाक मारावी तसा. "डॉक्टर! मेरेको कुछ नय हुआ! मैं नाटक किया! वो बाहर बैठा है ना, रोता है, उसके गले में काटा है!"

डॉक्टरांनी आधी आबांचं बोलणं चक्कर येण्याच्या खात्यात टाकलं. मग मला आत बोलावलं, दिवा लावला, लांब चिमटा घातला आणि अडीच सेकंदांत काटा बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला. चांगला नखाएवढा होता. अबू सालिमनी वाकून तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आबांच्या वायरींकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी फक्त आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. दोघेही साधारण एकाच वयाचे, दोघेही समुद्राचे. त्यांना बोलायची गरज पडली नाही. मला पडली असती, पण घसा दुखत होता.

परतीच्या वाटेवर घाट चढून झाला. मग आबा पुढे बघतच म्हणाले, "परातीत थुकलास नाय."

मी मान हलवली.

"मानाच्या जेवणात माणूस थुकता नये. मेलो तरी चलात." काच वर केली आणि म्हणाले, "बरा केलास."

सोळा वर्षांतलं हे पहिलं. मी आरशात वैशालीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण गालावर खळी पडली होती.

आबांच्या परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दार्सैतच्या आमच्या घरात जेवणाचा थाट होता. आबांनी स्वतः मत्राला जाऊन मोठी सुरमई आणली, स्वतः साफ केली, स्वतः वैशालीच्या मागे उभं राहून तिरफळं घातली. पानं मांडली. आबांनी पळीने कालवणातून सुरमईचं डोकं उचललं. मी ताठ बसलो. पळी इराच्या पानावरून पुढे सरकली, वैशालीच्या पानावरून पुढे सरकली आणि माझ्या पानापाशी येऊन थांबली.

"जावयबापू," आबा म्हणाले, "ह्या तुमचा."

इराने टाळ्या वाजवल्या. वैशालीने फोटो काढला आणि तो मालवणला पाठवला. वेंगुर्ल्याच्या साडूलाही पाठवला, हे मी मुद्दाम पाहून घेतलं. डोकं माझ्या पानात विराजमान झालं. डोळे माझ्याकडे, रस्सा लालभडक, तिरफळाचा वास घरभर.

मी पान जपून इराकडे सरकवलं. तिने आबांकडून दोन महिन्यांत सगळं शिकून घेतलं होतं आणि मला एकदाही सांगितलं नव्हतं. कल्ल्याच्या मागून सुरुवात करून तिने दहा मिनिटांत डोक्याची नुसती हाडं उरवली.

सलालाच्या डॉक्टरांनी मला आठवडाभर फक्त मऊ भात आणि दही सांगितलं होतं आणि तो आठवडा अजून सरायचा होता. दही वैशालीने घरीच लावलं होतं. छान लागलं होतं.